मोकळ्या पायांची मेंढी

त्या वर्षी गवत लवकर आलं आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. गवत लवकर म्हणून मेंढ्या लवकर अंगाने भरल्या, भरल्या म्हणून लवकर गाभण राहिल्या, आणि कातरणीची टोळी मालकीणबाईंच्या शेडवर पोचली तेव्हा साडेचौदाशे मेंढ्या पोटं सांभाळत वाड्याच्या कुंपणाला टेकून उभ्या होत्या. मालकीणबाईंनी सांगून टाकलं, बारा दिवस. तेराव्या दिवसापासून मेंढ्या व्यायला लागतील, मग एकीलाही हात लावू देणार नाही.

बारा दिवसांचं टोळीला काही वाटलं नाही. कातरणारे पाच हात होते, एकेक हात दिवसाला चोवीस-पंचवीस मेंढ्या सहज उतरवायचा. पण शेडचं दार उघडलं आणि सगळे उंबऱ्यातच थांबले. सहा खांबांना सहा यंत्रं टांगलेली. वर मोटर, तिच्यातून खाली आलेली लवचिक नळी, आणि नळीच्या टोकाला हातात मावेल अशी मूठ, तिच्या तोंडाशी लोखंडी फणी आणि फणीवर सरकणारं पातं.

"कातरी गाडीतच राहू द्या," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि दोऱ्यासुद्धा."

टोळीची पद्धत बापजाद्यांपासूनची होती. मेंढीचे चारी पाय एकत्र बांधायचे, तिला कुशीवर पाडायची, शेजारी मांडी घालून बसायचं आणि लोखंडी कातरीने लोकर उतरवायची. एका मेंढीला अर्धा तास लागला तर लागला. गेल्या वर्षी कातरणीनंतर एकोणीस मेंढ्यांनी अर्धवट पिल्लं टाकली होती. मालकीणबाईंचं म्हणणं, बांधून पाडल्यामुळे. टोळीचं म्हणणं, चाऱ्यामुळे. पण शेड मालकीणबाईंची होती. त्यांनी हेही सांगितलं, की नदीपलीकडची ट्रकवाली टोळी तीन वर्षं यंत्रावरच काम करते. सहाव्या दिवशी संध्याकाळी शेडमधल्या फळ्यावर दिवसाची शंभर मेंढरं दिसली नाहीत, तर त्या ट्रकवाल्याला बोलावतील. मग यंदाचं राहिलेलं काम त्याचं आणि पुढच्या वर्षीपासून सगळंच त्याचं.

हे सगळं ऐकून घ्यायला टोळीच्या वतीने वहिनी पुढे उभी होती. खरा मुकादम तिचा नवरा. पण गेल्या हंगामाच्या शेवटी त्याचं उजवं मनगट गेलं. तीस वर्षं कातर दाबून मनगटातली शीर कामातून गेली, असं डॉक्टर म्हणाला. चहाचा कप उचलला की निम्मा बशीत. त्याने यंदा बायकोला सांगितलं, बोलणी तू कर, मी घर बघतो. ती वीस वर्षं लोकरीच्या टेबलाशी उभी राहिलेली बाई. लोकर हातात आली की डोळे मिटून सांगायची, मानेची की मांडीची, कोरड्या रानातली की ओल्या. टोळीतले सगळे तिला वहिनीच म्हणायचे, वयाने मोठे होते तेही. पण कातर तिने जन्मात कधी चालवली नव्हती.

यंत्रं विकणाऱ्याचा माणूस एका दिवसापुरता आला होता. त्याने एक मेंढी ओढली, तिला माणसासारखी ढुंगणावर बसवली, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवली आणि कमरेत वाकून मूठ चालवायला लागला. आधी पोट, मग मागचा पाय, मग मान, आणि मग शेपटीपासून डोक्यापर्यंत लांबलचक ओढी. सहा मिनिटांत लोकर गोधडीसारखी अखंड खाली पडली. मेंढी उठली, अंग झाडलं आणि चालत निघून गेली. तिचे पाय कोणी बांधलेच नव्हते.

टोळीत सगळ्यात उंच आणि सगळ्यात वाचाळ असलेला लंबूसुद्धा गप्प होता. शेवटी थोरले भाऊजी, म्हणजे वहिनीचे थोरले दीर, एवढंच म्हणाले, की मेंढी त्याच्या ओळखीची असेल.

पंचक्रोशीत भाऊजींसारखा हात नव्हता. दिवसाला तीस मेंढ्या, आणि एका मेंढीच्या अंगावर ओरखडा नाही. लोक त्यांची कातर बघायला यायचे.

पहिल्या दिवशी शेडमध्ये जे झालं त्याला काम म्हणणं कठीण आहे. मेंढीला बसवलं की ती घसरायची, घसरली की पाय झाडायची, आणि पाय झाडले की अर्धी कातरलेली मेंढी अंगावर लोकरीचं लक्तर ओढत शेडभर पळायची. लंबू तिच्यामागे धावायचा आणि मेंढ्या कोंडायच्या पिंजऱ्याच्या आडव्या बांबूवर डोकं आपटून घ्यायचा. टोळीत जुळे भाऊ होते. ते शेजारीशेजारी उभे राहून एकमेकांच्या चुका जशाच्या तशा करत होते. पाचवा माणूस मास्तर. तो कधी शाळेत शिकवायला गेला नव्हता, पण दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय त्याला राहवायचं नाही म्हणून मास्तर. त्या दिवशी तो स्वतःच्याच चुका मोजत होता. फणी कातडीत रुतायची, मूठ तापायची. लोकर टेबलावर तुकड्यातुकड्यांनी येत होती. टेबलाशी थोरल्या जाऊबाई, भाऊजींच्या बायको, एकट्या होत्या. त्या तुकडे नुसते बाजूला सारत होत्या आणि वर बघत नव्हत्या.

एकट्या, कारण वहिनी टेबलाशी नव्हती. यंत्रं सहा होती आणि माणसं पाच. नवऱ्याची जागा रिकामी दिसली तशी वहिनीने पदर खोचला, पायांतल्या चपला काढल्या आणि सहाव्या यंत्राशी जाऊन उभी राहिली. जुळे हसले. बाहेर दाणे टाकायला आलेले दोन गडी खिडकीत येऊन हसायला लागले. पहिल्या मेंढीने तिला दोनदा पाडलं. दुसऱ्यांदा पडली तेव्हा ती शेणात बसली होती आणि मेंढी तिच्या मांडीवर. "आता कोण कोणाला कातरतंय?" लंबूने विचारलं. तीही हसली. हसण्यावाचून इलाज नव्हता. पन्नास मिनिटांनी मेंढी उतरली तेव्हा तिच्या अंगावर लोकरीचे सात पट्टे शिल्लक होते.

संध्याकाळी मालकीणबाईंचा कारभारी खडू घेऊन आला आणि त्याने फळ्यावर एकेकाच्या नावापुढे आकडा मांडला. लंबू अकरा. जुळे आठ आणि नऊ. मास्तर सहा. वहिनी तीन. भाऊजी चार.

एकूण एकेचाळीस. पण एकूण कोणी वाचलंच नाही. सगळे तो चार वाचत होते. भाऊजी फळ्यासमोर उभे राहिले, डोळे बारीक करून त्यांनी आकडा नीट पाहिला, आणि हात धुवायला गेले. खूप वेळ हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने ओल्या फडक्याने फळा पुसला. कारभारी कुरकुरला. तिने मालकीणबाईंना गाठून सांगितलं, तुम्हाला एकूण आकडा हवाय, तो रोज संध्याकाळी मिळेल. कोणी किती केल्या ते आमचं आम्ही बघू. मालकीणबाई म्हणाल्या, "शंभर. सहावा दिवस. बाकी तुझं तू बघ."

मग तिने टोळीला गोळा केलं आणि नवा नेम घातला. रोज सकाळची पहिली मेंढी सगळ्यांची. एकाने कातरायची, बाकीच्यांनी भोवती उभं राहून बघायची, आणि मेंढी उठेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. उठली की मग एकेकाने सांगायचं काय दिसलं. लंबू म्हणाला, मास्तरला एवढा वेळ गप्प बसवलं तर तो फुटेल. पण झालं उलटंच. मास्तरला गप्प राहून बघावं लागलं आणि त्यालाच ते दिसलं जे कोणाला दिसलं नव्हतं. तो म्हणाला, यंत्र मेंढीला धरतच नाही, आपले गुडघे धरतात. गुडघे ढिले पडले की मेंढीला पाय टेकायला जमीन मिळते, आणि जमीन मिळाली की ती पळते. तिचे पाय हवेत राहिले पाहिजेत. तेवढं एक सगळ्यांनी धरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी शेडभर धावणाऱ्या मेंढ्या निम्म्यावर आल्या.

वहिनीने जुळ्यांना वेगवेगळ्या टोकांना उभं केलं. आधी ते रुसले, मग दोघांच्या चुका वेगळ्या व्हायला लागल्या आणि चुका वेगळ्या झाल्या तशा कमीही. ती स्वतः रोज सगळ्यांत मागे होती, पण तिचं एक बरं होतं. तिच्या हाताला जुनं वळण नव्हतं, त्यामुळे मोडायचंही काही नव्हतं.

भाऊजींचं मात्र सुधारत नव्हतं. दोन मेंढ्या झाल्या की ते पाणी प्यायला जात. तिसरीनंतर पातं बदलायला. चौथीनंतर कुठे जात ते कळायचंच नाही. मास्तरने एकदा सांगायचा प्रयत्न केला तर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मास्तर उरलेला दिवस कोणाशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनीचं लक्ष त्यांच्या जागेकडे गेलं. भाऊजी खाली मांडी घालून बसले होते. मेंढी कुशीवर आडवी होती. तिचे चारी पाय बांधलेले होते. दोरी त्यांच्या खिशातली.

तिने आपली मेंढी सोडली आणि यंत्राची मूठ बंद केली. तीन दिवसांची पाठदुखी, तीन दिवसांचं हसं आणि सहाव्या दिवसाची भीती तिच्या तोंडात एकदम आली.

"भाऊजी, दोरी सोडा," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "नाहीतर जागा सोडा."

शेडमधली सगळी यंत्रं एकामागून एक बंद झाली. भाऊजींनी वर पाहिलं नाही. त्यांनी गाठ सोडली, दोरीची नीट गुंडाळी केली, मेंढीला उठवलं, आणि खांबाला धरून स्वतः उठले. उठायला त्यांना फार वेळ लागला. मग ते दारातून बाहेर गेले आणि उन्हातून चालत दिसेनासे झाले. टेबलाशी जाऊबाईंनी हातातली लोकर खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि काम करत राहिल्या. वहिनीने मूठ चालू केली. तिला समोरच्या मेंढीचा कान की शेपूट काही दिसत नव्हतं.

दोन्ही भावांची घरं एकाच अंगणात होती. संध्याकाळी दोघी जावा शेडवरून शेजारीशेजारी चालत आल्या. अंगणात आल्यावर वहिनी आपल्या दाराकडे वळायला लागली तेव्हा जाऊबाई थांबल्या.

"आत ये," त्या म्हणाल्या. "बघून जा."

आत भाऊजी जमिनीवर पालथे पडले होते, अंगरखा वर सरकवलेला. जाऊबाईंनी चुलीतली वीट बाहेर काढली, जाड फडक्यात गुंडाळली आणि त्यांच्या कमरेवर ठेवली. कमरेच्या एका बाजूचा स्नायू दोराच्या गाठीसारखा वर आला होता. भाऊजींना वाटलं बायको एकटीच आहे. मग त्यांना वहिनीचे पाय दिसले. ते उठायला गेले आणि उठता आलं नाही.

तीन वर्षं झाली होती म्हणे. बसून कातरताना कोणाला कळायचं कारण नव्हतं. मांडी घातली की कंबर आपली जमिनीला टेकलेली, काम हातांचं. पण उभं राहून वाकायचं म्हटलं की दुसऱ्या मेंढीला डाव्या पायातून वीज जायची आणि तिसरीला पाय आपला आहे की परक्याचा ते समजायचं नाही. यंत्राला नाही म्हणायला ते वेडे नव्हते. त्या माणसाने सहा मिनिटांत मेंढी उतरवली तेव्हाच त्यांना कळलं होतं, की हेच बरोबर आहे. मेंढी उठून चालत गेली हे त्यांनीच सगळ्यांत आधी पाहिलं होतं.

"मग सांगायचं नाही का?" वहिनीने विचारलं.

"काय सांगू? यंत्र येत नाही म्हटलं तर म्हातारा हट्टी आहे म्हणतात. कंबर गेली म्हटलं तर म्हातारा संपला म्हणतात." ते जमिनीकडे बघून बोलत होते. "हट्टी बरा."

वहिनी खाली बसली. दुपारी जे बोलले ते चुकलं, ती म्हणाली. दोरीचं बोलायला हवंच होतं, पण तसं नाही आणि सगळ्यांदेखत नाही. विटेखालून वाफ येत होती. भाऊजी म्हणाले, जागेवर दुसरा माणूस बघ. ती म्हणाली, बघते. पण दुसरा माणूस म्हणजे कोण, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर तिने सगळं नवऱ्याला सांगितलं. तो ऐकत होता आणि डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होता. बोलता बोलता ती मध्येच थांबली. तिला शेडच्या कोपऱ्यातली कप्पी आठवली. लोकरीचे गठ्ठे गाडीत चढवताना ते रुंद पट्ट्यात घालून तुळईला टांगतात. एवढा अवजड गठ्ठा, पण टांगलेला असला की एका बोटाने ढकलता येतो.

"माणूस टांगता येईल का?" तिने विचारलं.

नवरा हसला नाही. "टांगला तर जिवंत राहिला पाहिजे," तो म्हणाला. मग त्यानेच विचार केला. नुसती दोरी नको, ती छातीत रुतेल. पट्टा रुंद हवा, छातीखाली. आणि वाकलं की ताणेल, सोडलं की वर ओढेल असं काहीतरी हवं, नाहीतर माणसाला वाकता कसं येणार. अंधार पडायच्या आत तो शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब घेऊन आला. ती गुडघ्याखाली दाबून धरली आणि डाव्या हाताने सुरी चालवून तिची लांब पट्टी कापली. वहिनीने गोणपाटाचे चार थर एकावर एक शिवले. आतून त्याला लोकर लावली, टेबलावरच्या तुकड्यांपैकीच.

चौथ्या दिवशी तिने भाऊजींना कोणीही यायच्या आधी, उजाडता उजाडता शेडवर नेलं. ते आले, कारण तिने सांगितलं, बघायला कोणी नसेल. तुळईला ट्यूब बांधली, तिच्या टोकाला पट्टा. भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि सरळ म्हणाले, हा पाळणा आहे. आधी ती स्वतः त्यात वाकली. छातीचं वजन पट्ट्यावर सोडलं, हात खाली मोकळे, पाय जमिनीवर. तिची तीन दिवसांची दुखरी कंबर अशी हलकी झाली की तिला पट्ट्यातून उठावंसंच वाटेना.

मग भाऊजी वाकले. पहिल्यांदा सगळं वजन टाकलं नाही, विश्वास नव्हता. तिने पिंजऱ्यातून एक गरीब मेंढी आणून त्यांच्या गुडघ्यांशी बसवली. पोट झालं. मागचा पाय झाला. मान वळवताना त्यांनी नकळत सगळा भार पट्ट्यावर सोडला, आणि मूठ मेंढीच्या शेपटीपासून डोक्यापर्यंत एका ओढीत गेली. वहिनीने ती ओढ पाहिली. यंत्र नवीन होतं, पण हात तोच होता. फणी कातडीला चिकटून, पण कुठेही न रुतता.

मेंढी उठली. दुसरी आणली. मग तिसरी. तिसरीला ते थांबले, डावा पाय उचलून झटकला, आणि पुन्हा जमिनीवर ठेवला.

एवढ्यात बाकीचे आले. दारात लंबू पुढे होता, आणि त्याच्या तोंडात शब्द जमा होताना वहिनीला दिसला. तिला वाटलं, आता सगळं गेलं. "पाळण्यात कोण झोपलंय?" लंबू म्हणाला. जुळे फिसकन हसले. भाऊजींनी मूठ थांबवली नाही. मेंढी उरकली, उठवली, आणि पट्ट्यातच लोंबकळत मान वर करून म्हणाले, की तू सहा फुटांचा आहेस, तुला वाकायला आमच्याहून दीड हात जास्त लागतं, तेव्हा हसून घे, महिन्याभराने तुझी कंबर माझ्या दारात विचारायला येईल. लंबूचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्याने नकळत हात मागे नेऊन कमरेवर ठेवला.

सहाव्या दिवशी संध्याकाळी कारभाऱ्याने फळ्यावर एकशे तेरा लिहिले. मालकीणबाईंनी आकडा वाचला, आत जाऊन टेबलावरची लोकर हातात घेतली, उजेडाकडे धरली. गोधडी अखंड होती, दोनदा कापल्याचा बारीक चुरा कुठे पडत नव्हता. ट्रकवाल्याला त्या दिवशी निरोप गेला नाही.

त्यानंतरचे दिवस एका लयीत गेले. सकाळची पहिली मेंढी सगळ्यांची, ती आता भाऊजी कातरायचे. मेंढी उठली की सांगायला फारसं काही नसायचं. मास्तर पाती धारेला लावायला शिकला आणि दुसऱ्याच्या धारेत चुका काढायला लागला, म्हणजे तोही ठिकाणावर आला. हात लोकरीच्या तेलाने मऊ झाले, ओरखडे भरले. लंबूने आठव्या दिवशी मान खाली घालून विचारलं, ट्यूबची पट्टी आणखी एक निघेल का. दहाव्या दिवशी तुळईला चार पट्टे लोंबत होते. वहिनीचा हात दिवसाला पंचवीसवर गेला. अकराव्या दिवशी फळ्यावर एकशे त्र्याऐंशी.

तरीही सुरुवातीच्या दिवसांचं मागे पडलेलं भरून निघालं नव्हतं. बाराव्या दिवशी सकाळी वाड्यात दोनशे पंधरा मेंढ्या उरल्या होत्या. आणि त्यांच्यात तीन ओली पिल्लं उभी राहायचा प्रयत्न करत होती. व्यायला सुरुवात झाली होती.

मालकीणबाईंनी धोका पत्करला नव्हता. ट्रक दारात उभा होता. नदीपलीकडचा मुकादम, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, तीन गडी घेऊन कठड्यावर येऊन बसला. मालकीणबाई म्हणाल्या, तीन जागा त्यांना दे, दुपारपर्यंत होईल, मेंढ्यांचे हाल नकोत. त्यांचं बोलणं वाईट नव्हतं. वहिनीला ते पटलंही. पण तिने मागे पाहिलं. टोळी ऐकत होती, आणि जुळ्यांनी दोन टोकांना एकाच वेळी मुठी हातात घेतल्या होत्या.

"दोन वाजेपर्यंत बघा," ती म्हणाली. "दोनला पन्नासपेक्षा जास्त उरल्या तर मी स्वतः जागा सोडते, पहिली."

ट्रकवाल्याने घड्याळ बघितलं आणि गड्यांना म्हणाला, बसा आरामात.

त्या दिवशी सकाळची मेंढी सगळ्यांनी मिळून बघितली नाही. वहिनीने फक्त वाड्यातल्या मेंढ्यांची रांग लावली. ज्यांची कास भरून आली होती, शेपटीमागे ओल दिसत होती, त्या बाजूला काढून पुढे घेतल्या आणि सगळ्या भाऊजींकडे पाठवल्या. भाऊजींना तिने कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. पहिल्या मेंढीच्या पोटावर तळहात ठेवला, आतलं पिल्लू हाताखाली हललं असावं, कारण ते क्षणभर थांबले. मग फणी पोटाच्या कडेकडेने अशी फिरवली, जसं झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण काढावं.

मोटरींचा आवाज एकसारखा चालू होता. जाऊबाईंच्या टेबलावर गोधड्यांचा ढीग चढत होता. नवरा आज आला होता. तो डाव्या हाताने कातरलेल्या मेंढ्यांना दार उघडून देत होता आणि जाता जाता एकेकीच्या पाठीवरून तळवा फिरवत होता. अकराला चहा आला तो उभ्याउभ्याच संपला. बाराच्या सुमाराला लंबूने गप्पा थांबवल्या, आणि लंबू गप्प झाला तेव्हा सगळ्यांना कळलं की आता खरं काम चाललंय. कठड्यावर बसलेले ट्रकवाल्याचे गडी आधी आपापसात बोलत होते. मग बोलणं थांबलं. मग एकजण उठून कठड्यावरून आत वाकून बघायला लागला.

दोन वाजता कारभाऱ्याने वाड्यात जाऊन मोजलं आणि दारातून ओरडला, अठ्ठेचाळीस.

मालकीणबाईंनी ट्रकवाल्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. त्याला जायला हरकत नव्हती, पण तो गेला नाही.

चारला शेवटची मेंढी राहिली. वहिनीनेच तिला आपल्या पिंजऱ्यातून ओढलं. तिला आता दोनदा पाडणारी मेंढी राहिली नव्हती. गुडघे, पोट, मागचा पाय, मान, लांब ओढ. लोकर अखंड खाली उतरली. मेंढी उठली, उजेडाकडे बघून उभी राहिली, आणि मग धावतच बाकीच्यांत गेली. भाऊजींनी मोटर बंद केली. एकेक मोटर थांबत गेली. शेडमध्ये मेंढ्यांच्या पायांचा आणि बाहेर पिल्लांचा आवाज तेवढा उरला.

मास्तर पाठ टेकून खाली बसला आणि रडला. जुळे एकमेकांना शोधत शेडच्या मधोमध आले. मालकीणबाई आत आल्या. त्यांनी खडू कारभाऱ्याकडून घेतला, फळ्यावर दोनशे पंधरा लिहिले, त्याखाली साडेचौदाशे. मग वहिनीला म्हणाल्या, पुढच्या वर्षी नवं गवत आल्या आल्या मी निरोप पाठवीन, दुसरीकडे शब्द देऊ नकोस. वहिनीने मान हलवली आणि पदराने तोंड पुसलं. तोंडभर लोकरीचं तेल लागलं.

ट्रकवाला मुकादम शेडमध्ये आला. त्याने कोणाचं कौतुक केलं नाही. तो सरळ भाऊजींच्या जागेपाशी गेला आणि तुळईला लोंबणारा पट्टा हातात घेऊन बघायला लागला. ट्यूब ताणून बघितली. गोणपाटाच्या थरांत बोट घालून आतली लोकर चाचपली. त्याच्याकडे शहरातून आणलेली नवीन यंत्रं होती, ट्रक होता, तीन वर्षांचा सराव होता. पण हे नव्हतं.

"किती दिवस झाले कंबर धरून?" भाऊजींनी त्याला विचारलं.

मुकादमाने आपल्या गड्यांकडे पाहिलं. ते दारापाशी होते, ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. "दोन हंगाम," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग असे उभे काय राहिलात? वाका इकडे."

भाऊजींनी पट्टा त्याच्या छातीखाली सरकवला, गाठ त्याच्या उंचीप्रमाणे दोन बोटं खाली घेतली, आणि त्याच्या रुंद पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं. मुकादम ताठ राहिला. दारातले गडी टक लावून बघत होते, आणि लंबूचं तोंड उघडलं होतं, पण वहिनीने त्याच्याकडे पाहिलं तसं ते मिटलं.

"भार सोडा," भाऊजी म्हणाले. "सगळा. थोडी लाज वाटेल. ती पहिल्या दिवशीच वाटते."